जेऊरची गोष्ट परगावी

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी भिगवण ओलांडते. उजनीचं पाणी खिडकीत चमकून जातं, मग ऊस आणि केळीची रानं सुरू होतात आणि कुर्डुवाडीच्या अलीकडे जेऊर लागतं. करमाळा शहरापर्यंत रेल्वे गेलेलीच नाही, त्यामुळे अख्ख्या तालुक्याचं गाडीनं येणं-जाणं या भागातल्या लहान स्टेशनांवरूनच चालतं. कवी आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे या जेऊरचे. 29 एप्रिल 2016 रोजी त्यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा करमाळ्याचा माळ, विहिरी, उसाचे फड, उजनीचं पाणी आणि इथली बोली सगळ्या महाराष्ट्रानं डोळे भरून पाहिली. शंभर कोटींच्या वर कमाई करणारा तो पहिला मराठी चित्रपट. पडद्यावरच्या गावाचं नाव होतं बिटरगाव, आणि त्या नावाचं गाव करमाळा तालुक्यात खरोखरच आहे.

दोन वर्षांनी, 20 जुलै 2018 ला, तीच गोष्ट हिंदीत आली. शशांक खेतान दिग्दर्शित ‘धडक’. बिटरगावच्या जागी उदयपूर, दोघं पळून जातात त्या हैदराबादच्या जागी कोलकाता. नायिका आर्चीच्या पाटील घराऐवजी राजस्थानी थाटाचं राजकारणी घराणं, आणि परश्या या मासेमारी करणाऱ्याच्या पोराऐवजी तलावाकाठी रेस्टॉरंट चालवणाऱ्याचा मुलगा. अजय-अतुलची दोन गाणी नव्या शब्दांसह तशीच आली. चित्रपट चांगला चालला. पण करमाळ्या-सोलापुरापासून पुण्या-मुंबईपर्यंत ज्यांनी ‘सैराट’ पुन्हा पुन्हा पाहिला होता, त्यातल्या अनेकांच्या मनात एक चीड राहिली. ती नेमकी कशाबद्दल हे पटकन सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे आर्ची ती आर्चीच, कुणी म्हणे बोलीची मजा गेली, कुणी म्हणे शेवट बदलायला नको होता.

ही चीड जगभरच्या वाचकांच्या ओळखीची आहे. अद्भुत कादंबऱ्यांचे वाचक तर तिच्यासोबतच जगतात. हजार-हजार पानांचे खंड वाचलेले, त्यातले नकाशे आणि वंशावळी पाठ असलेले हे लोक टीव्हीसमोर बसतात आणि पहिल्याच भागात उसळतात. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’ची मालिका 2021 मध्ये आली. कादंबरीच्या सुरुवातीला पेरिन हा अविवाहित तरुण लोहार आहे. मालिकेनं त्याला आधी बायको दिली आणि त्याच भागात त्याच्याच हातून ती मारली गेली. आंद्रझेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या ‘विचर’ कथांवरची मालिका 2019 मध्ये सुरू झाली आणि तिथेही दर हंगामाला हाच वाद. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो. ‘अहो, पुस्तक वेगळं, पडदा वेगळा,’ असं सांगून तो मोकळा होतो.

ते सांगणं खरंच आहे, पण अपुरं आहे. कारण हे वाचक प्रत्येक बदलावर चिडत नाहीत. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ ही 1888 ची हिंदी कादंबरी. तिच्यातलं तिलिस्म, म्हणजे जादूचा वाटणारा भूलभुलैया, कळसूत्री यंत्रं, दारूगोळा आणि औषधं यांच्यावर चालतं. ऐयारांच्या, म्हणजे वेषांतर करणाऱ्या हेरांच्या, बटव्यात बेशुद्धीची पूड असते, मंत्र नसतो. 1994 मध्ये नीरजा गुलेरी यांनी दूरदर्शनवर तिची मालिका केली आणि त्यात जादू, विषकन्या, नवी पात्रं, नवी कारस्थानं असं बरंच काही घातलं. अखिलेंद्र मिश्र यांच्या क्रूरसिंगाला कादंबरीहून कितीतरी मोठी जागा मिळाली. तरी रविवारी सकाळी महाराष्ट्रातल्या गावोगावी टीव्हीपुढे दाटी होई, आणि क्रूरसिंगाचा ‘यक्कू’ पोरांच्या तोंडी बसला. खत्रींनी वाचकाला जी धुंदी दिली होती, पुढच्या दारामागे काय असेल याची जी ओढ लावली होती, ती पडद्यावर शाबूत होती. कथानक पार सुटलं, तरी कादंबरी ज्यासाठी होती ते हाती राहिलं.

‘धडक’च्याच वर्षी, 2018 च्या ऑक्टोबरात, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेचं बीज त्यात आहे, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देतं, आणि बाकीचा सगळा डोलारा बर्व्यांचा स्वतःचा. धारपांची पुस्तकं वाचनालयातून आणून रात्री दिवा लावून वाचणाऱ्यांची एक पिढी महाराष्ट्रात आहे. तिनं ‘कथेत असं नाही’ म्हणून आरडाओरडा केला नाही. मुलाच्या वाट्याला आलेली म्हातारी आणि तिच्या खोलीची भीती, धारपांनी दिलेला हा ऐवज बर्व्यांनी जपला होता.

म्हणजे चिडण्याचं मोजमाप घटनांच्या फरकावर होत नाही. मग कशावर होतं? या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर एका अमेरिकन लेखिकेनं दिलं, आणि जेऊरच्या गोष्टीचं काय झालं ते समजायला तिच्याइतकी मदत दुसऱ्या कुणाची होत नाही.

उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ 1968 मध्ये प्रसिद्ध झाली. समुद्रात विखुरलेली शेकडो बेटं, त्यातल्या एका डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा मुलगा, आणि त्याचं जादूगार होणं. त्या काळच्या इंग्रजी अद्भुतकथांत नायक गोराच असायचा. ले ग्विन यांचा गेड मात्र तांबूस तपकिरी वर्णाचा आहे आणि त्याचा मित्र काळा. या जगात गोरे आहेत ते कार्गी बेटांवरचे, पुस्तकाच्या सुरुवातीलाच गेडच्या गावावर धाड घालणारे. लेखिकेनं ही गोष्ट पहिल्या पानावर ठणकावून सांगितलेली नाही. वाचक आधी गेडच्या भुकेत, रागात आणि हुशारीत शिरतो. त्याचा वर्ण नंतर, जाता जाता, अर्ध्या वाक्यात कळतो. तोवर गोरा वाचक त्या तपकिरी मुलाच्या आत जाऊन बसलेला असतो आणि बाहेर पडायला उशीर झालेला असतो. हे आपण जाणूनबुजून केलं, असं त्यांनी पुढे लिहून सांगितलं.

2004 च्या डिसेंबरात साय-फाय वाहिनीनं दोन भागांची ‘अर्थसी’ मालिका दाखवली. तिच्यात गेड गोरा होता. त्याच्या आसपासचं जवळजवळ सगळं जग गोरं होतं. ले ग्विन करारानुसार सल्लागार होत्या, पण सल्ला कुणी घेतलाच नाही. मालिका दाखवली गेली त्याच महिन्यात त्यांनी ‘स्लेट’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचा रोख कथानकाच्या कापाकापीपेक्षा वर्णावर होता. त्यांची ती सगळी काळजीपूर्वक केलेली मांडणी निर्मात्यांना दिसलीच नव्हती. किंवा दिसली असेल, पण ती काढली तरी चालेल असं त्यांना वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट त्या मालिकेनं केली. अर्थसीच्या जगात प्रत्येकाला दोन नावं असतात, एक रोजच्या वापराचं आणि एक खरं. खरं नाव ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते, म्हणून ते जिवलगालाच सांगायचं. कादंबरीत गेड हे खरं, गुप्त नाव आणि स्पॅरोहॉक हे चारचौघातलं. मालिकेनं दोन्हींची अदलाबदल केली आणि सगळे त्याला भर रस्त्यात गेड म्हणून हाका मारू लागले. दोन नावांची जागा बदलली, एवढंच म्हणायला झालं. पण कादंबरीतली सगळी जादू आणि सगळा विश्वास ज्या एका नियमावर तोललेला आहे, तोच नियम उलटा झाला. वाचकाला राग येतो तो असल्या ठिकाणी. आपण जिथे श्वास रोखून वाचलं, तिथे समोरच्याला काही दिसलंच नाही, हे त्याला कळतं आणि ते सहन होत नाही.

आता पुन्हा करमाळ्याच्या माळावर.

‘सैराट’चा पहिला अर्धा भाग हसवतो. क्रिकेटचे सामने, त्यावरचं धावतं वर्णन, चिठ्ठ्या पोचवणारं लहान पोरगं, बुलेटवरून आणि ट्रॅक्टरवरून येणारी आर्ची, परश्याच्या मागे सावलीसारखे असणारे सल्या आणि लंगड्या. अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू, कुस्तीच्या तालमीत घडलेला आकाश ठोसर, आणि त्यांच्याभोवती त्याच मातीतली माणसं. प्रेक्षक इतका रमतो की जात हा विषय कुठे आला होता हे त्याला सांगता येत नाही. पण तो आलेला असतो. वर्गात फोनवर बोलणाऱ्या पाटलाच्या पोराला लोखंडे सर हटकतात आणि भर वर्गात थप्पड खातात. ते सर काय शिकवत होते, त्यांचं आडनाव काय, थप्पड मारणाऱ्याचं नाव प्रिन्स का, हे सगळं चित्रपट दाखवतो आणि पुढे जातो. विहिरीत पोहणाऱ्या पोरांना आर्ची बाहेर काढते तो प्रसंग प्रेक्षकाला प्रेमाचा म्हणून आठवतो. पण पाण्यात कोण उतरलं आणि त्याला कुणाच्या सांगण्यावरून वर यावं लागलं, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 मध्ये तो विचारून झाला होता. मंजुळे महाडचं नाव घेत नाहीत. परश्या पायऱ्या चढत, मागे वळून बघत वर येतो आणि प्रेक्षक त्याच्या डोळ्यांतल्या आनंदावर खूश असतो.

पुढे दोघं पळून गेल्यावर परश्याचा बाप आपल्याच जातीच्या पंचांसमोर उभा राहतो आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतो, पोरीचं लग्न कसं जमणार म्हणून. हा प्रसंग मोजक्या मिनिटांचा आहे. तो कापला तर गोष्ट कुठे अडत नाही. म्हणूनच त्याला मोल आहे. उतरंड फक्त पाटलाच्या वाड्यातून खाली येत नाही, ती खालीही प्रत्येक वस्तीत आपापले पंच बसवून ठेवते, हे एवढ्या थोडक्यात मराठी पडद्यानं क्वचितच दाखवलं असेल.

ले ग्विन यांनी वर्णाचं जे केलं तेच मंजुळेंनी जातीचं केलं. आधी प्रेक्षकाला प्रेमात पाडलं आणि मग तो कुणाच्या प्रेमात पडलाय हे त्याला कळू दिलं. बर्लिनच्या महोत्सवात फेब्रुवारी 2016 मध्ये जेव्हा हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकाला कुळं आणि आडनावं कळण्याचं कारण नव्हतं. त्यालाही शेवट कळला. पण सोलापूर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला आडनावासरशी सगळं कळत होतं, आणि कळत असूनही पहिला दीड तास तो ते विसरून नाचला होता. जिथे जागेवरून उठून नाचला, तिथेच शेवटी त्याला गप्प होऊन बसावं लागलं. ही रचना आहे. पावणेतीन तासांवर चाललेल्या या चित्रपटाचा प्रत्येक सैल वाटणारा तुकडा या रचनेसाठी आहे.

‘धडक’मध्ये जात अजिबातच नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. मुलाचा बाप एकदा मुलाला समजावतो की ती वरच्या जातीची माणसं आहेत. तेवढं एक बोलून झाल्यावर चित्रपट त्या रस्त्याला पुन्हा जात नाही. संघर्षाची जागा निवडणूक, घराण्याची प्रतिष्ठा आणि बापाचा दरारा घेतात. आशुतोष राणा यांनी तो दरारा छान उभा केला आहे. जान्हवी कपूर आणि ईशान खट्टर यांनीही मनापासून काम केलं. प्रश्न त्यांचा नाही. गोष्टीच्या पायाखालची फरशी बदलली, आणि वरची माणसं त्याच जागी उभी करून तेच वागायला लावलं, म्हणून ती हलत राहतात. रेस्टॉरंट चालवणाऱ्या सुखवस्तू घरातल्या मुलाशी लग्न केल्याबद्दल एक राजकारणी बाप इतक्या टोकाला का जातो? चित्रपटाचं उत्तर आहे की तो क्रूर आहे म्हणून. ‘सैराट’मधला आर्चीचा बाप तात्या पाटील मात्र क्रूर वाटत नाही. तो शांत आहे, लोकप्रिय आहे, गावाला हवा आहे. त्याच्याजागी दुसरा कुणी असता तरी तेच घडलं असतं, ही जाणीवच माणसाला घाबरवते.

शेवटाचंही तसंच. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा करायला उठते, आणि दोघंही मारली जातात. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं म्हणून वाचतं. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल मरतात आणि मुलगी जिवंत राहते. शेवट दोन्हीकडे भीषणच आहे, त्यामुळे हिंदी चित्रपटानं गोष्ट गोड केली असा आरोप कुणाला करता येणार नाही. पण अर्थ बदलला. आपल्या घराची अब्रू आपल्या पोटच्या पोरीहूनही मोठी आहे, तिला मारायलाही हात कचरत नाही, हे ‘सैराट’नं सांगितलं होतं. हिंदीत पोरगी राखली गेली, परक्याला शिक्षा झाली. त्या घराला अजून आपल्या रक्ताची माया आहे एवढी सूट त्याला मिळाली. मूळ गोष्ट ही सूट देत नव्हती.

‘सैराट’ इतर भाषांतही गेला. 2017 मध्ये एस. नारायण यांनी कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ केला आणि त्यात नायिका रिंकू राजगुरूच होती. पंजाबीत, ओडियात, बंगालीत त्याची रूपं निघाली. 2019 मध्ये अँड टीव्हीवर ‘जात ना पूछो प्रेम की’ ही हिंदी मालिका आली, तीही ‘सैराट’वरूनच. या मालिकेनं जात लपवली नाही, थेट शीर्षकात आणली. प्रामाणिकपणा म्हणून हे ठीकच. पण मंजुळेंची मांडणी इथे दुसऱ्या टोकानं मोडली. प्रेक्षक टीव्ही लावतो तेव्हाच विषय जाहीर असतो, तो सावध होऊन बसतो. शिवाय रोजची मालिका रोज उद्यावर चालते. उद्याचा भाग हवा म्हणून शेवट लांबवायचा, संकट आणायचं आणि परतवायचं. ‘सैराट’ची ताकद अशी की शेवट येईपर्यंत तो येतोय हे कळत नाही, संसार आता कुठे रुळला आहे असंच वाटत असतं. हैदराबादच्या झोपडपट्टीतली दुर्गंधी, आसरा देणाऱ्या सुमनअक्काचा आधार, डोशाची गाडी, आर्चीची कारखान्यातली नोकरी, परश्याचा संशय आणि त्यानं उचललेला हात, तिचं गाडीत बसून निघून जाणं आणि परत येणं. हा भाग काहींना लांबला असं वाटलं होतं. त्या लांबण्यातच दोन पोरांचे नवरा-बायको होतात. ते रोजच्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत, जाहिरातींच्या मधोमध, उभं राहणं अवघड.

इथे रूपांतर करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मराठी रंगभूमीला तर ती ऐकावीच लागेल, कारण तिची काही सर्वोत्तम नाटकं मुळापासून दूर जाऊनच उभी आहेत. ‘किंग लिअर’वर बेतलेला शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ 1970 मध्ये रंगमंचावर आला. त्यात राज्य नाही, वादळी माळरानावरचा राजा नाही, विदूषक नाही. आहे एक निवृत्त नट आणि त्याचा मोडत गेलेला संसार. तरी ‘किंग लिअर’ कुठे हरवला असं कुणाला वाटत नाही, कारण सगळं देऊन टाकणाऱ्या बापाचं अनाथ होणं जसंच्या तसं आहे. पु. ल. देशपांडे यांनी 1975 मध्ये शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली. लंडन गेलं, बोली बदलल्या, पण जिभेवरून माणसाची पायरी ठरवणारा समाज तसाच राहिला, उलट मराठी प्रेक्षकाला तो स्वतःचाच दिसला. पुलंनी आधी शोधलं की शॉचा राग कशावर आहे. तो आपल्याकडे कुठे राहतो तेही शोधलं. मग तिथे नाटक मांडलं. उदयपुरात जातीवरून माणसं मारली जात नाहीत असं कुणी म्हणणार नाही. तिथलीही जात शोधता आली असती. गोष्ट राजस्थानात नेली याबद्दल तक्रार नाहीच, तिथे पोचल्यावर गोष्टीनं राजस्थानकडे नीट पाहिलं नाही याची आहे.

हेच अद्भुतकथेत किती खोल जाऊ शकतं याचं उदाहरण ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका 2011 ते 2019 अशी आठ हंगाम चालली. शेवटच्या हंगामावर चिडलेल्या लाखो प्रेक्षकांनी तो नव्यानं बनवा म्हणून याचिकेवर सह्या केल्या. पण पुस्तकं वाचलेल्यांचा खरा घाव त्याआधीचा, 2015 मधल्या पाचव्या हंगामाचा. कादंबरीत जेन पूल नावाची एक मुलगी आहे. ती सरदाराच्या गढीतल्या कारभाऱ्याची पोर. सरदाराची मुलगी आर्या बेपत्ता आहे, म्हणून जेनला आर्या म्हणून सजवून एका नराधमाशी तिचं लग्न लावून देतात. तिचे हाल होतात. उत्तरेचे सरदार पेटून उठतात, सैन्य निघतं, पण ते सगळं आर्यासाठी. कारभाऱ्याच्या मुलीसाठी कुणी तलवार उपसली नसती. ही कोण आहे हे ओळखणारा आणि तरीही तिला सोडवण्यासाठी धडपडणारा एकच माणूस तिथे असतो, तोही छळानं पार मोडून गेलेला.

मालिकेनं जेन काढली आणि सरदाराची दुसरी मुलगी, सान्सा, तिच्या जागी नेऊन ठेवली. कारण समजण्यासारखं आहे. प्रेक्षक सान्साला ओळखतात, नवं पात्र आणायचं तर वेळ जातो, ओळखीच्या मुलीचं दुःख जास्त भिडतं. पण ओळखीच्या, मोठ्या घरच्या मुलीचंच दुःख भिडतं, ही तर मार्टिन यांची सरदारांवरची तक्रार होती. मालिकेच्या लेखकांनी सरदारांसारखाच विचार केला. कारभाऱ्याची पोर पुस्तकात निदान नावापुरती होती, पडद्यावरच्या त्या लग्नातून ती नाहीशी झाली. ‘धडक’नं परश्याचं जे केलं ते याहून फार वेगळं नाही. तळाच्या माणसाला गोष्टीतून उचललं आणि त्याच्या वेदनेवर दोन पायऱ्या वरच्या माणसाचं नाव घातलं.

एखाद्या ओळीनं सुद्धा केवढं बदलतं हे या देशानं टीव्हीवरच अनुभवलं आहे. बी. आर. चोप्रा यांचं ‘महाभारत’ 1988 ते 1990 या काळात दर रविवारी देशभर पाहिलं गेलं. मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी आंधळ्याचा मुलगा आंधळा म्हणते, हा प्रसंग त्या पिढीच्या मनात पक्का आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं 1919 ते 1966 अशी जवळपास अर्धशतकाची मेहनत घेऊन, 1,259 हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या सभापर्वात हे वाक्य नाही. दुर्योधन पडतो तेव्हा कथा सांगणारा भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक हसल्याचं सांगतो. द्रौपदीचं नाव तिथे घेत नाही. ती हसली असं पुढे दुर्योधन आपल्या बापाला सांगतो, तक्रार करताना. म्हणजे तक्रारदाराची बाजू कथेची बाजू होऊन गेली. टीव्हीनं हे निर्माण केलं असं नाही, लोककथांत ते आधीपासून होतं. पण घराघरांत ते खरं म्हणून रुजलं, आणि द्यूतसभेत तिची विटंबना होते तेव्हा ‘तिनंही बोलायला नको होतं’ असं म्हणायची सोय झाली. आजही पारावर आणि घरात हे वाक्य ऐकू येतं. ते व्यासांचं नाही हे सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी पटत नाही, कारण समोरच्यानं ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून ‘मूळ कलाकृती कुठे जात नाही, ती आहेच की’ हा दिलासा पुरत नाही. जेऊरच्या पोराला ‘सैराट’ आहे, हे खरं. पण देशातल्या फार मोठ्या प्रेक्षकासाठी त्या गोष्टीचा चेहरा आता ‘धडक’ आहे. त्यानं ती पाहिली, त्याला वाईटही वाटलं, आणि दोन श्रीमंत-मध्यमवर्गीय पोरांच्या वाटेत एक दुष्ट बाप आला एवढंच त्यानं मनात ठेवलं. मंजुळेंना त्याला जे विचारायचं होतं ते विचारलं गेलंच नाही. आता कुणी विचारायला गेला तर तो म्हणेल, ती गोष्ट मला माहीत आहे.

‘धडक’ हे नाव मात्र तिथेच थांबलं नाही. 1 ऑगस्ट 2025 रोजी शाझिया इक्बाल दिग्दर्शित ‘धडक 2’ आला. याचं मूळ मारी सेल्वराज यांचा 2018 चा तमिळ ‘परियेरुम पेरुमाळ’. कायद्याच्या कॉलेजात शिकणारा दलित मुलगा, वरच्या जातीची वर्गमैत्रीण, आणि तिच्या माणसांनी त्याचा केलेला छळ. सेन्सॉर मंडळानं सुचवलेल्या बदलांत हा चित्रपट बराच काळ अडकला, काही शब्द आणि दृश्यं बदलून मगच तो पडद्यावर आला. पण त्यातला नायक कोण आहे, त्याचं आडनाव विचारणारे कोण आहेत, आरक्षणावरून त्याला टोमणे का ऐकावे लागतात, हे गोष्टीच्या मधोमध आहे. प्रेक्षकाला ते चुकवता येत नाही. तमिळ चित्रपट ज्यांनी पाहिला होता त्यांनी दोन्हींची तुलना केलीच, तिरुनेलवेलीची माती भोपाळात उतरत नाही असंही त्यातले काही म्हणाले. नायक झालेल्या सिद्धांत चतुर्वेदीचं काम, मूळ चित्रपटातली कुत्री, कापलेली दृश्यं, बदललेला शेवट, यांवर वाद झाले. हे वाद व्हायलाच हवेत, आणि यात भांडायला निदान जागा आहे. 2018 च्या ‘धडक’बद्दल बोलताना आधी जात आहे की नाही हेच सिद्ध करत बसावं लागत होतं. सात वर्षांनी त्याच निर्मितिसंस्थेच्या, त्याच नावाच्या चित्रपटाबद्दल ती कशी दाखवली, कुठे कमी पडली, कुणी कापली, इथपर्यंत बोलणं पोचलं आहे.